टाकी खाली, वस्ती वर

आमच्या गावात नवा पाहुणा आला की त्याच्या नजरेत पहिल्यांदा भरतात त्या पाण्याच्या दोन टाक्या. एक गावात शिरतानाच ओढ्याच्या कडेला, चांगली दांडगी. दुसरी वर माळावर, बेघर वस्तीच्या डोक्याशी, लहानशी. पाहुणा विचारतो, "एवढ्याशा गावाला दोन टाक्या कशापायी?" गावातली पोरं हसून सोडून देतात. मला मात्र हसू येत नाही. खालची टाकी आणि वरची टाकी यांच्यामध्ये पंचवीस वर्षं गेली, आणि त्या पंचवीस वर्षांच्या सुरुवातीला माझा हात आहे. ती हकिगत सांगायची तर थोडं मागून यावं लागेल.

माझा जन्म १९५९ चा. त्याच वर्षी १ जूनला मुंबई ग्रामपंचायत कायदा लागू झाला. कायदा १९५८ चा, अंमल ५९ ला. म्हणजे मी आणि ग्रामपंचायत एका वयाचे. पण मला कळायला लागलं तेव्हा गावात राज्य चालायचं ते चावडीचं आणि पाराचं. पंचायतीची एक खोली होती, तिला कुलूप असायचं.

पारावर कुणी कुठं बसायचं हे ठरलेलं. वरच्या दगडावर पाटील आणि भावकीतले जाणते, खालच्या पायरीवर कुणबी, बलुतेदार त्यांच्याभोवती उभे. महारवाड्यातली माणसं पाराच्या खाली, चार हात लांब, उकिडवी. बाया तर तिकडं फिरकायच्याच नाहीत. पाण्याला जाताना पारापुढून जायची वेळ आली तर पदर तोंडावर ओढून, मान खाली घालून जायच्या. ओढ्याचा बांध कुठं घालायचा, जत्रेची वर्गणी किती, गुरांची वाट कुणाच्या शेतातून न्यायची, हे सगळं तिथं ठरायचं. जी बाई रोज तीन हंडे डोक्यावर वाहायची तिला आड कुठं पाडावा हे कुणी विचारायचं नाही.

तरीसुद्धा जुनं सगळंच टाकाऊ होतं असं मी म्हणणार नाही. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा नाहीतर शिवेचा वाद झाला की गावची गोतसभा बसे. निवाडा कागदावर उतरे, त्याला महजर म्हणत. त्या कागदावर गावच्या माणसांच्या साक्षी असत. लिहिता येत नसे ते आपल्या कामाची निशाणी काढत. पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापली हत्यारं. अशा कागदांचे फोटो मी पुस्तकात पाहिलेत. अक्षर येत नसलेला माणूससुद्धा निवाड्याचा साक्षीदार होता, ही गोष्ट मला मोठी वाटते. शिवेचा वाद असेल तर महाराचा शब्द वजनाचा, कारण गावाची शीव राखणारा तोच. ज्याला पारावर बसू देत नव्हते त्यालाच शिवार सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. हे दोन्ही एकाच गावात चालत होतं.

म्हणून १९३२ साली मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायतीचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दलितांना राखीव जागा हव्यात असा आग्रह धरला. पुढं घटना समितीतही १९४८ साली त्यांनी खेड्याबद्दल फार कडक बोल सुनावले. तरुणपणी मी ते वाचलं तेव्हा मला राग आला होता. आपलं गाव एवढं वाईट आहे व्हय, असं वाटलं होतं. आता राग येत नाही. का येत नाही ते पुढं सांगतो.

कायद्यानं पुष्कळ काही बदललं. १९६२ च्या १ मेला जिल्हा परिषदा आल्या. वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी गेली. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक बाप्या आणि प्रत्येक बाई ग्रामसभेची सभासद झाली. कागदावर पारच्या पायऱ्या मोडल्या. पण माणसाच्या मनातल्या पायऱ्या एका कायद्यानं मोडत नसतात.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. आई-बाप दुष्काळी कामावर खडी फोडत होते, मी शाळा सुटली की सुकडीच्या रांगेत. त्या दुष्काळाच्या मागोमाग सरकारनं भूमिहीनांना घरासाठी जागा द्यायचं ठरवलं. आमच्या गावात त्यासाठी माळ निवडला. माळ का, तर तिथं काही पिकत नव्हतं आणि कुणाचं काही जात नव्हतं. बौद्धवाड्यातली काही घरं, रामोशी, मांग, वडार आणि आमच्याच भावकीतली दोन भूमिहीन घरं अशी वस्ती वर गेली. तिचं नाव पडलं बेघर वस्ती. घरं मिळाली तरी नाव बेघरच राहिलं. तिथं राहायला जाणाऱ्यांना 'माळावर पाणी कुठून आणाल' हे कुणीही विचारलं नव्हतं.

१९७५ ला मी दहावी झालो. नव्या दहावीची ती पहिलीच बॅच. पुढं शिकायची ऐपत नव्हती, म्हणून औत धरलं. पण गावात दहावी झालेला म्हणून अर्ज लिहायला, मनिऑर्डरी वाचायला लोक माझ्याकडं येत.

माझी आत्या पुरंदर तालुक्यात दिलेली. तिच्याकडं गेलो असताना नायगावची पाणी पंचायत बघितली. विलासराव साळुंखे म्हणून इंजिनिअर गृहस्थ, त्यांनी दुष्काळानंतर हे काम उभं केलं होतं. त्यांचा हिशोब साधा होता. पाणी जमिनीवर वाटायचं नाही, माणसांवर वाटायचं. घरात माणसं किती, माणशी अर्ध्या एकराचं पाणी, आणि एका घराला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी भरायचा. आणि हे सगळं लोकांनी बसून, भांडून ठरवायचं. मी आत्याच्या दिराला विचारलं, "ज्याची वीस एकर आहे तो गप कसा बसतो?" तो म्हणाला, "गप कुठं बसतोय? बोंबलतोय की. पर समद्यांच्या म्होरं बोंबलावं लागतंय, तवा आवाज बारीक व्हतो."

हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बसलं असूनही पुढं मी जे केलं ते केलंच.

१९८९ ला मी ग्रामपंचायतीचा सदस्य झालो. वय तीस. अंगात रग. वर्षभरात गावाला नळपाणी योजना मंजूर झाली. केवढा आनंद! टाकीला जागा हवी होती. ओढ्याकडेच्या एका मोठ्या शेतकऱ्यानं दोन गुंठे फुकट द्यायची तयारी दाखवली. जागा फुकट, रस्ता लगत, विहीर जवळ. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी जीपमधूनच जागा बघितली आणि मान हलवली. वरच्या वस्तीचं काय, असं मी एकदा विचारलं. "ते दुसऱ्या टप्प्यात," म्हणाले.

आता ठरावाला ग्रामसभेची मंजुरी पाहिजे. दिवस सुगीचे. दवंडी दिली तर माणसं यायची नाहीत. आली तर वरची वस्ती येईल आणि कालवा होईल, हेही मनात होतंच. ते कुणी बोललं नाही, पण होतं. मग ठरलं की रजिस्टर घरोघर फिरवायचं. आणि ते फिरवायला दहावी झालेला, गोड बोलणारा सदस्य कोण? मी.

दोन संध्याकाळी मी ते रजिस्टर बगलेत मारून हिंडलो. सोबत शाईचा पॅड. वरच्या वस्तीतही गेलो. एका झोपडीपुढं एक गडी बाजेवर बसला होता, ऊसतोडीला निघायच्या तयारीत. मी म्हणालो, "पाण्याची टाकी होतीया गावाला. अंगठा दे." तो खूश झाला. "पाणी येनार व्हय आमाला?" मी म्हणालो, "येणार की." त्यानं अंगठा उठवला आणि शाई धोतराला पुसली. अशी कितीतरी नावं झाली. रजिस्टरात लिहिलं गेलं की अमुक तारखेला ग्रामसभा भरली, चर्चा झाली, ठराव सर्वानुमते मंजूर. कुठली सभा आणि कुठली चर्चा! पण सह्या खऱ्या होत्या, अंगठे खरे होते.

टाकी झाली. नारळ फुटला. गावठाणात नळाला पाणी आलं तेव्हा माझ्या आईनं नळाला हळदकुंकू वाहिलं. आणि वरच्या वस्तीत पाणी चढलं नाही. चढणार कसं? टाकीच्या तळापेक्षा वस्ती उंच. पाणी आपल्या पायानं वर चढत नाही हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. मला ते ठाऊक होतं. अंगठा घेताना ठाऊक होतं.

वरच्या बाया खाली येऊन वेशीपाशच्या नळावर हंडे भरू लागल्या. गावातल्या बायांचं आधी, त्यांचं नंतर. चढ असा की दोन हंडे घेऊन मध्ये एकदा टेकावंच लागे. त्या टेकायच्या जागेवर एक धोंडा होता, तो हंडे ठेवून ठेवून गुळगुळीत झाला. अजून आहे.

१९९३ च्या २४ एप्रिलला घटनेची ७३ वी दुरुस्ती लागू झाली. ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, बायांना तिसरा हिस्सा आरक्षण आलं. आमच्या महाराष्ट्रात पुढं २०११ ला ते निम्मं झालं. सुरुवातीला बाई खुर्चीवर आणि नवरा तिच्या मागं, असंच चाललं. शहरातली माणसं त्याला हसत. पण खुर्चीवर बसून बसून बाईला कागद कळायला लागतो. पुढं कायद्यानं असंही आलं की ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा झाली पाहिजे.

२००६ च्या सुमाराची गोष्ट. शाळेच्या खोलीत बायांची सभा होती. मी तेव्हा सदस्य नव्हतो, पण ग्रामसेवक नवखे, म्हणून जुनी दप्तरं काढून द्यायला मला बोलावलेलं. वरच्या वस्तीची एक बाई उठली. नवरा वारलेला, पोरं ऊसतोडीला. ती म्हणाली, "टाकी खाली, वस्ती वर. पाणी काय उडी मारून येनार हाय का? आन् असं ठरवलं कुनी?" ग्रामसेवकांनी जुनं रजिस्टर उघडून ठराव वाचला. सर्वानुमते मंजूर. मग नावं वाचली. वाचता वाचता तिच्या नवऱ्याचं नाव आलं.

बाई पुढं आली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्या अंगठ्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, "भाऊ, ह्यो त्यांचाच का?"

मी हो म्हणालो.

ती म्हणाली, "मंजी आमच्याच मान्सानं आमचं पानी तोडलं व्हय?"

मला त्या वेळी खरं बोलायला हवं होतं. बोललो, पण लगेच नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही. पंधरा दिवसांनी गावची ग्रामसभा होती. तिथं उभा राहून मी सांगितलं की ही सभा झालीच नव्हती, रजिस्टर मी फिरवलं होतं, आणि पाणी वर चढणार नाही हे मला माहीत होतं. काही लोक चिडले. "जुनी मढी कशाला उकरता तात्या?" म्हणाले. काही जण आजही माझ्याशी तुटक बोलतात. पण त्या दिवसापासून आमच्या गावात रजिस्टर घरोघर फिरलेलं नाही. माझ्या आयुष्यात गावासाठी मी केलेलं तेवढं एकच काम धरा.

पाणी मात्र लगेच आलं नाही. प्रस्ताव गेला, परत आला, पुन्हा गेला. पंचायतीच्या हातात पैसाच नसे. मधल्या काळात आम्ही दहा-बारा जण, त्यात वरच्या वस्तीतले तिघं आणि चार बाया, नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला जाऊन आलो. पोपटराव पवारांचं गाव. तिथं पावसाळा संपला की पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला याचा ताळेबंद ग्रामसभेपुढं मांडतात आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ठरवतात. शेतीसाठी बोअर पाडायला बंदी. लोक बघतात झाडं आणि पाणी. मी बघितलं ते असं की सरपंच उभा राहून पाण्याचा हिशोब देतो आणि लोक त्याला प्रश्न विचारतात.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाबद्दलही वाचलं. गोंड आदिवासींचं लहान गाव. तिथं बहुमतानं ठराव करत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत पुन्हा पुन्हा बसतात. मेळ बसला नाही तर काम थांबतं. २००९ साली त्या गावाला वनहक्क कायद्यानं जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आम्ही एका संध्याकाळी रजिस्टर भरून 'सर्वानुमते' लिहिलं. ते लोक त्याच शब्दासाठी महिनोन्‌महिने बसतात. शब्द एकच, पण दोन गावांत त्याचा अर्थ किती वेगळा.

२०१५ ला चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर यायला लागला आणि 'आमचं गाव, आमचा विकास' म्हणून गावानं स्वतःचा आराखडा करायचं ठरलं. आमच्या गावानं तो नीट केला. आधी शिवारफेरी. पन्नास-साठ माणसं सकाळी निघाली, ओढ्यापासून माळापर्यंत. म्हातारी माणसं दाखवत होती, इथं झरा होता, इथं पूर्वी वाट होती. मग शाळेच्या पटांगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढला. गंमत अशी की आधी बाप्यांनी काढला आणि मग बायांनी वेगळा. बाप्यांच्या नकाशात देऊळ, सोसायटी, दूध डेअरी, डांबरी रस्ता. बायांच्या नकाशात नळ, अंगणवाडी, दिवा नसलेला बोळ, आणि वेस ते वस्ती चढावर एक ठिपका. मी विचारलं, "हे काय?" एकजण म्हणाली, "हंडा टेकायचा धोंडा."

पंचवीस वर्षं त्या वाटेनं मी जात-येत होतो. माझ्या नकाशात तो धोंडा नव्हता.

ग्रामसभेत भांडण झालं. तरण्या पोरांना वेशीवर कमान पाहिजे होती, काहींना देवळापुढं फरशी. वरच्या वस्तीला टाकी. दुपारी बाराला सुरू झालेली सभा दिवेलागणीला संपली. मोठा आवाज करणारे होतेच, पण सगळ्यांपुढं करावा लागला तेव्हा आवाज बारीक झाला. आत्याच्या दिराची आठवण आली. टाकी पहिल्या नंबरावर आली. जागा कुठली, हे वस्तीतल्या बायांनी उभं राहून दाखवलं. २०१७ च्या उन्हाळ्यात वर पाणी पडलं. ज्या बाईनं मला अंगठा दाखवला होता ती तोवर थकली होती. तिच्या सुनेनं पहिला हंडा भरला. मी लांबूनच बघितलं.

आता वाचणाऱ्याला कामाला येईल असं थोडं सांगतो. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, ती वाचावी. त्यावरच्या विषयांतच गाव बदलत असतं. मतदारांच्या शंभरात पंधरा किंवा एकूण शंभर, यांतलं जे कमी असेल तेवढी माणसं हजर लागतात. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला ही अट राहत नाही. तिथंच दहा माणसांत गावाचे निर्णय उरकतात. म्हणून पहिल्याच सभेला जावं. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा म्हणावं. सही किंवा अंगठा सभेतच द्यावा, दारात देऊ नये. आणि बायांची सभा आधी झाली का, तिथं काय ठरलं, हे विचारावं.

माझा मुलगा पुण्यात राहतो. तो म्हणायचा, "आबा, तुमच्या गावात ग्रामसभा तरी आहे, आमच्याकडं काय?" त्याच्याकडंही आहे. १९६६ च्या नगररचना कायद्यानं शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा लोकांपुढं ठेवावा लागतो आणि ठरावीक मुदतीत कुणीही हरकत-सूचना देऊ शकतो. २०१५ साली मुंबईचा असा मसुदा लोकांच्या हरकतींच्या रेट्यानं मागं घेऊन नव्यानं करावा लागला. पुण्यात २००६ पासून नागरिक आपल्या भागातली कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकात सुचवू शकतात. फूटपाथ, दिवा, बस थांबा. मी त्याला म्हटलं, "अर्ज भर. पर त्याआधी तुमच्या गल्लीत कामाला येणाऱ्या बायांना विचार, त्यांना कुठं टेकावं लागतंय."

माळावरची टाकी लहान आहे, रंगही उडालाय. वस्तीच्या नावातलं 'बेघर' काढून टाकायचा ठराव मागच्या २ ऑक्टोबरच्या सभेत आला होता. नवं नाव काय द्यायचं यावर वस्तीतच दोन तट पडले. कुणीतरी म्हणालं, बहुमत घ्या आणि उरका. वस्तीतली सून उठून म्हणाली, "घाई काय हाय? आमी बसू आनि." ठराव तसाच पुढच्या सभेवर ठेवलाय.